पेरूला जायचंय? आधी उंची मोजा

नमस्कार श्रोतेहो.

पेरू म्हटलं की आपल्याला आधी आठवते ती तिखटमीठ लावलेली फोड. देश नंतर. त्या देशात जाऊन मात्र हे फळ हवं असेल तर 'ग्वायाबा' म्हणून मागावं लागतं. 'पेरू द्या' म्हणालात तर भाजीवाली तुमच्याकडे बघतच राहील, सगळा देशच मागताय की काय म्हणून! आपलं त्या भागाशी खरं नातं आहे ते उपवासाच्या ताटातून. बटाटा अँडीज पर्वतातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही तिकडचाच, आणि मिरचीसुद्धा अमेरिका खंडातली. म्हणजे एकादशीच्या खिचडीतलं तूप-जिरं बाजूला काढलं, तर उरलेली सगळी खिचडी समुद्र ओलांडून आलेली आहे.

तर या देशाची सहल कशी आखावी, हे आज सांगायचंय. आम्ही पाच जण गेलो होतो. मी, बायको, सासू-सासरे आणि माझी मावशी. ठिकाणांची यादी झकास केली होती. माचू पिचू हे इन्का लोकांचं डोंगरातलं जुनं शहर, नाझ्काच्या वाळवंटात जमिनीवर काढलेल्या प्रचंड रेघा, तितिकाका सरोवर. यादीत काही चूक नव्हती. चुकला तो क्रम.

पेरू नकाशावर एक देश दिसतो, पण तिथले लोक स्वतःच त्याचे तीन भाग सांगतात. कोस्ता, सिएर्रा आणि सेल्वा. किनारा, डोंगर आणि जंगल. किनारा म्हटल्यावर कोकण डोळ्यांसमोर आणू नका, ते वाळवंट आहे. समुद्रातून हंबोल्टचा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे ढग येतात पण पाऊस पडत नाही. राजधानी लिमाची वस्ती एक कोटीच्या घरात, आणि छत्री विकणाऱ्याला तिथे उपाशी राहावं लागेल. जून ते सप्टेंबर मात्र शहरावर करडं आभाळ बसलेलं असतं आणि 'गारुआ' नावाचं धुक्यासारखं भुरभुरतं पाणी. कपडे वाळत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. डोंगरात उलट चालतं. तिथे हेच महिने कोरडे, निळ्या आभाळाचे, आणि रात्री हाडं गोठवणारे. पाऊस येतो डिसेंबर ते मार्च, म्हणजे नाताळच्या सुट्टीत जाल तर दरडी आणि चिखल. आणि देशाची निम्म्याहून जास्त जमीन आहे ॲमेझॉनचं जंगल, तिथे पाऊस बारा महिने कधीही.

मग जायचं कधी? मला विचाराल तर मे महिन्यात. आपल्याकडे मुलांना सुट्टी, डोंगरात पाऊस नुकता संपलेला, उतारांवर अजून हिरवं, आणि गर्दी व्हायची असते. जूनची गर्दी सहन होणार असेल तर 24 जूनला डोंगरातल्या कुस्को शहरात 'इंती रायमी' हा सूर्याचा उत्सव असतो. त्या आठवड्यात हॉटेलचे दर मात्र विचारूच नका.

आता उंचीकडे येतो, कारण आमची फजिती तिथेच झाली. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. कुस्को शहर 3,400 मीटरवर आहे, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी वर थोडं उरतं. लिमा समुद्राकाठी. तिथून विमान दीड तासाच्या आत तुम्हाला कुस्कोला नेऊन सोडतं, तिथली हवा विरळ, आणि शरीराला कळतच नाही आपण कुठे आलो ते. आम्ही सकाळी उतरलो, भरपेट जेवलो आणि लगेच साकसायवामानचा किल्ला बघायला चढलो. केवढाले दगड, आणि सांध्यात सुरीचं पातं जाणार नाही असे बसवलेले. सासऱ्यांनी प्रत्येक दगडाला हात लावून पाहिला. संध्याकाळी तिघांची डोकी ठणकायला लागली, सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या आणि रात्री हॉटेलवाल्याने ऑक्सिजनचं नळकांडं आणून दिलं. दोन दिवस खोलीत गेले. तितिकाका यादीतून कटलं.

नंतर कळलं की उपाय साधा होता. कुस्कोच्या विमानतळावरून शहरात न थांबता थेट उरुबाम्बा खोऱ्यात उतरायचं. ओयान्तायताम्बो हे गाव साधारण 2,800 मीटरवर आहे, गाडीने दोनेक तास. तिथे दोन रात्री झोपायचं, थोडं खायचं, भरपूर पाणी प्यायचं. माचू पिचूची रेल्वे त्याच गावातून निघते. आणि गंमत म्हणजे माचू पिचू स्वतः कुस्कोपेक्षा जवळपास हजार मीटरने खाली आहे, 2,430 मीटरवर. ते आधी उरकून मग कुस्कोला चढायचं, आणि सगळ्यात शेवटी तितिकाका, कारण ते 3,800 मीटरवर. हाताशी तीन आठवडे असतील तर विमान सोडाच. लिमाहून बसने नाझ्का, तिथून आरेकिपा आणि मग वर. आरेकिपा 2,300 मीटरच्या आसपास आहे, पांढऱ्या ज्वालामुखी दगडात बांधलेलं देखणं गाव. तिथे तीन दिवस राहिलात तर शरीर आपोआप तयार होतं. रक्तदाब, हृदय, दमा असं काही असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा, नंतर नव्हे.

हॉटेलात पाऊल टाकलं की कोकाच्या पानांचा चहा पुढे करतात. तिथे तो राजरोस आहे, बरंही वाटतं. पण ती पानं आठवण म्हणून वहीत घालून आणू नका. आपल्याकडच्या अमली पदार्थांच्या कायद्यात ती बसतात, आणि कस्टमच्या टेबलावर 'चहाच आहे हो' हे ऐकून घेत नाहीत.

माचू पिचूचं तिकीट आधी काढावं लागतं. त्यावर वेळ आणि आत कुठल्या वाटेने फिरायचं ते ठरलेलं असतं. चालत जाणारी चार दिवसांची इन्का वाट हवी असेल तर दिवसाला हमाल-वाटाडे धरून 500 माणसांनाच परवानगी मिळते, आणि फेब्रुवारीत ती वाट बंदच असते.

शाकाहारी मंडळींनो, घाबरू नका, पण गाफीलही राहू नका. 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, असं सांगितलं की कोंबडी येते, कारण कोंबडी त्यांच्या लेखी मांस नाही. म्हणून 'सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे कोंबडी नको, मासे नको, हेही जोडा. तरी सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारा. उकडलेला मका चीजबरोबर मिळतो, एकेक दाणा अंगठ्याच्या नखाएवढा. बटाटे तर किती रंगांचे! जांभळे, पिवळे, काळे. बटाट्याला 'पापा' म्हणतात, हे ऐकून सासरे दोन दिवस खूश होते. आणि रोकोतो नावाची मिरची टोमॅटोसारखी दिसते. आम्ही कोल्हापूरचे, आम्हाला काय होतंय, असं मी म्हणालो होतो. पुढचं सांगत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेतून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना पेरूने सवलत दिलेली आहे, पण तिच्या अटी दिल्लीतल्या वकिलातीकडून ताज्या करून घ्या. आणि पीतज्वराची लस! ही अट परत येताना आपलं सरकार घालतं. प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून घरी न जाता विलगीकरणात जावं लागू शकतं. लस निदान दहा दिवस आधी घ्यायची. साठीच्या पुढच्यांनी ती डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी.

शेवटच्या दिवशी आम्ही कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात होतो. एका बाईपुढे वड्यांचे ढीग होते. लाह्या गुळात बांधाव्यात तशा, पांढऱ्या, बारीक दाण्यांच्या. नाव विचारलं तर 'किविचा'. मावशीने एक दाणा चिमटीत धरला, वास घेतला आणि म्हणाली, "अरे, हा तर राजगिरा!" खरंच तो राजगिऱ्याच्याच घरचा. त्या दिवशी एकादशी होती आणि मावशी सकाळपासून केळ्यांवर होती. तिने दोन वड्या घेतल्या, आणि एक तिथेच उभ्या उभ्या संपवली.