मटण न खाणाऱ्यांनाही

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय टॉक्सोप्लाझ्मा. नाव हातभर, जंतू एका पेशीचा. गरोदरपणात तो बाईला पहिल्यांदाच लागला, तर वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. 'पहिल्यांदाच' हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल. आईला बहुधा पत्ताही लागत नाही. थोडी कणकण, मानेत एखादी गाठ. बाळाच्या मात्र डोळ्याच्या पडद्यावर व्रण, डोक्यात पाणी, मेंदूत कॅल्शियमचे ठिपके.

हा येतो कुठून? 1960 च्या दशकातलं पॅरिस. क्षयाच्या मुलांचं एक आरोग्यधाम. ताकद यावी म्हणून मुलांना अर्धकच्चं मांस देत. (कच्चं ते पौष्टिक, हे खूळ आपल्याकडेही आहेच, कच्च्या अंड्याचे भक्त प्रत्येक तालमीत सापडतात.) जॉर्ज देमाँ आणि सहकाऱ्यांनी मुलांचं रक्त तपासलं. एरवी वर्षाला शंभरात 10 मुलांना लागण व्हायची. जेमतेम शेकलेलं गाईचं किंवा घोड्याचं मांस सुरू झाल्यावर 50. त्यात कोकराच्या अर्धकच्च्या चापा वाढल्या, आणि आकडा गेला 100 वर! आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे.

झालं, मटण दोषी! पण थांबा. त्याआधीच, 1959 साली, आपल्या मुंबईतली एक पाहणी छापून आली होती. शाकाहारी आणि मांसाहारी, दोघांचं रक्त तपासलेलं. लागण शाकाहाऱ्यांतही होती. आणि शेळ्यामेंढ्यांना कोण मटण वाढतं?

कोडं सोडवलं ग्लासगोच्या हचिसन नावाच्या संशोधकानं. त्यानं मांजरीची विष्ठा पाण्यात वर्षभर ठेवली आणि मग उंदरांना दिली. उंदरांना लागण झाली. 1970 पर्यंत उलगडा झाला की या जंतूची बीजं मांजरीच्या आतड्यात तयार होतात, विष्ठेतून मातीत जातात आणि मातीतून कोथिंबिरीवर, मेथीवर.

पण म्हणून घरची माऊ हाकलू नका. मांजर ही बीजं आयुष्यात बहुधा एकदाच, एकदोन आठवडे टाकते. शिवाय ताजी विष्ठा लागण करत नाही. बीज पिकायला 1 ते 5 दिवस लागतात. म्हणून मांजरीचा ट्रे रोज साफ करायचा. रोज! गरोदर बाईनं नाही, घरातल्या दुसऱ्यानं. ट्रे उकळत्या पाण्यानं धुवा. क्लोरिननं ही बीजं मरत नाहीत. कुंडीत हात घालायचा तर हातमोजे घालून. पालेभाजी कच्ची खायची असेल, तर वाहत्या पाण्याखाली पानन्‌पान चोळून.

मटणाचा आतला भाग 67 अंशांवर गेला की जंतू मरतो. आपलं रश्श्यातलं मटण त्याच्या कितीतरी पुढे शिजतं. घोटाळा होतो कच्च्या खिम्याचं मीठ चाखताना, आणि मटण कापलेल्या विळीवर लगेच काकडी चिरताना.

आता टॉर्च तपासणी, म्हणजे टॉक्सोप्लाझ्मासकट बाळाला बाधणाऱ्या काही जंतूंची एकत्र रक्ततपासणी. गर्भ वारंवार पडतो म्हणून ती सर्रास लिहून देतात. पैसे वाया! जुन्या लागणीनं गर्भ पुन्हापुन्हा पडत नाहीत. जंतूशी लढायला रक्तात प्रतिपिंडं तयार होतात: आयजीएम आधी येतं, आयजीजी मागून येतं आणि टिकून राहतं. आयजीजी आहे, आयजीएम नाही, म्हणजे सहसा लागण जुनी, बाळ सुरक्षित. पहिल्यांदाच, हेच इथे कळीचं. आयजीएम मात्र कधीकधी वर्षभर रेंगाळतं, म्हणून नुसतं ते बघून गर्भपाताच्या गोष्टी करू नयेत. अ‍ॅव्हिडिटी तपासणी मागा, म्हणजे आयजीजी जंतूला किती घट्ट धरतं ते बघणारी. पहिल्या तीन महिन्यांत ती जास्त आली, तर लागण गर्भधारणेच्या आधीची.

लागण खरंच नवी असेल तर डॉक्टर स्पायरामायसिन हे प्रतिजैविक देतात. अठराव्या आठवड्यानंतर गर्भजलाची पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, करतात. बाळाला लागण ठरली तर औषधं बदलतात. लागण सुरुवातीला झाली तर ती बाळापर्यंत क्वचित पोचते, पण घाव मोठा. शेवटी झाली तर बहुतेकदा पोचते, घाव बहुधा लहान. लहान म्हणून सोडायचा नाही. असं बाळ जन्मतः गुटगुटीत दिसलं तरी औषध वर्षभर चालतं, आणि मूल शाळेत जायला लागल्यावरही डोळे तपासायचे, कारण पडद्यावरचा व्रण कधीकधी तेव्हाच उठतो.