परदेशात बिऱ्हाड मांडताय? फ्रिज-मिक्सर घ्यायच्या आधी हा टॅक्स समजून घ्या

नमस्कार मंडळी, काल फोंड्याहून एका वहिनींचा मेसेज आला. त्यांचा मुलगा लिस्बनला चाललाय, तिथल्या दुकानात फ्रिजवर ५०० युरो लिहिलंय आणि कोणीतरी सांगितलं पोर्तुगालात २३ टक्के टॅक्स आहे, मग आता ६१५ युरो धरायचे का? प्रश्न एकदम बरोबर आहे आणि उत्तर आहे, नाही. ५०० म्हणजे ५००च.

बघा, आपल्याला सवय आहे एमआरपीची. पाकिटावर जो आकडा छापलाय त्यात जीएसटी आलाच, वर काही नाही. पोर्तुगालात तसंच, तिथे व्हॅटला ईवा म्हणतात आणि दुकानातल्या लेबलवर तो धरूनच किंमत लिहितात. त्या ५०० मध्ये साधारण साडेत्र्याण्णव युरो टॅक्सचे आहेत, पण ते आतच आहेत, काउंटरवर वेगळे मागणार नाहीत. इंग्लंडला तसंच, दुबईला पण तसंच, तिथे फक्त ५ टक्के.

गडबड होते ती कॅनडात. तिथे टॅगवर लिहिलेली किंमत टॅक्सशिवायची असते आणि बिल करताना वर लागतो, आणि तोही प्रांताप्रमाणे बदलतो, म्हणजे ५०० डॉलरचा फ्रिज ऑन्टारिओत १३ टक्के धरून ५६५ ला पडतो आणि तोच अल्बर्टात ५२५ ला. नवीन घर लावताना गादी, टेबल, भांडी, पडदे असं सगळं एकदम घेतो ना आपण, तेव्हा हा फरक खूप मोठा होतो. म्हणून बजेट करताना आधी विचारायचं, टॅगमध्ये टॅक्स आहे की नाही? टक्के किती ते त्यानंतर.

दुसरं, सगळ्याला एकच रेट नसतो. पोर्तुगालात तांदूळ, भाजी, ताजे मासे, दूध यांना ६ टक्के, पण कुकर, टीव्ही, फर्निचर यांना २३. इंग्लंडमध्ये स्टँडर्ड रेट २० आहे, पण घरी रांधायच्या बहुतेक सामानावर शून्य आणि लहान मुलांच्या कपड्यांवर, बुटांवरही शून्य. त्यामुळे पोरांचे कपडे इथून बॅगा भरभरून नेण्यात टॅक्सच्या दृष्टीने काही वाचत नाही.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी मी आज कॅमेरा लावला. इथून सामान पाठवायचं असेल तर काय?

माझा आतेभाऊ पोर्तुगालला गेला तेव्हा आमच्या आत्याने जायच्या पंधरा दिवस आधी म्हापशाला जाऊन नवाकोरा ग्राइंडर, शिलाई मशीन, कुकरचा सेट असं सगळं घेतलं, सीलबंद खोके तसेच्या तसे जहाजाने पाठवले, आणि तिथे पोचल्यावर त्यावर ड्युटी आणि ईवा दोन्ही भरावे लागले. सामान पाठवणाऱ्या एजंटने आधी एक शब्द सांगितला नव्हता. आणि हा ईवा नुसत्या वस्तूच्या किमतीवर नसतो हां, जहाजाचं भाडं आणि ड्युटी त्यात मिळवून जो आकडा येतो त्याच्यावर लागतो. आत्याने हौसेने घेतलेलं होतं सगळं, मला अजून वाईट वाटतं.

आणि हे टाळता आलं असतं! पोर्तुगाल ज्यात येतो त्या युरोपियन युनियनचा नियम आहे की तुम्ही सलग किमान १२ महिने युनियनच्या बाहेर राहत होता आणि आता तिथे कायमचे राहायला जाताय, तर तुमच्या घरातलं वापरलेलं सामान ड्युटी आणि व्हॅटशिवाय नेता येतं. अट अशी की ते सामान इथून निघायच्या आधी निदान सहा महिने तुमच्याकडे वापरात पाहिजे, तिथे राहायला गेल्यापासून १२ महिन्यांत पोचलं पाहिजे, आणि पोचल्यावर पुढचे १२ महिने ते विकायचं नाही की कोणाला भाड्याने द्यायचं नाही. इथे पासपोर्ट कुठला ते बघत नाहीत, तुम्ही राहत कुठे होता ते बघतात, म्हणून आपल्या गोव्यातले पोर्तुगीज पासपोर्टवाले पण यात बसतात. काजूफेणी मात्र नाही बसत, दारू आणि तंबाखू या सवलतीतून बाहेर आहेत.

इंग्लंडमध्येही सहा महिन्यांची तशीच अट आहे. कॅनडात पहिल्यांदा स्थायिक व्हायला जाणाऱ्याला स्वतःचं वापरलेलं सामान नेता येतं, पण मागाहून येणाऱ्या वस्तूंची यादी पहिल्या दिवशीच एअरपोर्टवर द्यायची. मिक्सर तिथे नेऊच नका, तिथे वीज १२० व्होल्टची, आपला २३० चा चालत नाही. लिस्बनला चालतो, फक्त पिन बदलावी लागते.

मग काय करायचं? बिलं जपून ठेवा, कारण सहा महिने झाले हे तारखेवरूनच दिसतं. प्रत्येक वस्तूची यादी करा, किंमत खरी लिहा. कागद काय काय लागतात ते पणजीच्या पोर्तुगीज कॉन्सुलेटमध्ये जायच्या आधी विचारून घ्या, तिकीट काढल्यावर नाही.

आईने मागाहून पोर्तुगालला पार्सल पाठवलं तर? घरच्या माणसाने घरच्या माणसाला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत असेल तर व्हॅट लागत नाही. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूला ही सवलत नाही, युनियनबाहेरून आलेल्या मालावर १ जुलै २०२१ पासून पहिल्या युरोपासून व्हॅट आहे.

तर वहिनी, फ्रिज तिथेच घ्या. तुम्ही लिहिलंय की मिक्सर गणपतीत घेतला आणि तो पाठवायचाय, तर खोक्यातून काढून आजपासून मुलाला वापरू दे, आणि तो कधी निघतोय ती तारीख कमेंटमध्ये टाका, सहा महिने भरतात का ते आपण मोजून बघू.