रेणूएवढं लोहचुंबक घाट कसा चुकवतं?

(टेबलावर काचेचा ग्लास. पाण्यात दोन दाणे टाकताना क्लोज-अप.)

हा जांभळा धूर पाण्यात कसा उतरतोय बघा. पोटॅशियम परमँगनेट. कॉलऱ्याच्या साथीत विहिरीत टाकायचे ना, तेच. घरात आजी असेल तर विचारा, तिला आठवेल.

आता याच्या जोडीला मँगनीज ॲसिटेट घ्यायचं, फिकट गुलाबी असतं ते. आणि ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरला ज्याच्यामुळे आंबटपणा येतो ते. पण व्हिनेगरपेक्षा कितीतरी कडक, ६० टक्क्यांचं. तिन्ही एकत्र करायची, ढवळायची आणि फ्लास्क कोपऱ्यात ठेवून द्यायचा. तीनेक दिवसांनी तळाशी काळ्या, चकचकीत, बारीक काड्या दिसतात. घरी करून बघायचा नाद मात्र सोडा, ही जोडी डोळ्यांवर उठते.

त्या काळ्या काडीतला प्रत्येक रेणू स्वतंत्र लोहचुंबक आहे. अख्खी काडी नव्हे, एकेक रेणू.

एमएस्सीला असताना मी हे केलंय. पहिल्या खेपेला मला राहवेना. रोज सकाळी लॅबमध्ये गेलो की फ्लास्क उचलायचा, हलवायचा, उजेडात धरून बघायचा. चौथ्या दिवशी हातात काय आलं? तपकिरी चिखल. सर म्हणाले, "अरे, झोपू दे की त्याला!" दुसऱ्या वेळी हात लावला नाही, तेव्हा काड्या आल्या.

सरांच्या बोलण्यात खरं रसायनशास्त्र होतं. हा रेणू कोणी एकेक अणू लावून बांधत नाही. त्यात मँगनीजचे बारा अणू आहेत, त्यांना जोडणारे ऑक्सिजनचे बारा अणू आहेत, बाहेरून ॲसिटेटचे सोळा गट आणि पाण्याचे चार रेणू. एवढा संसार द्रावणात आपला आपण जुळतो, आणि दर वेळी तसाच जुळतो. आपण फक्त सामान पुरवायचं आणि गप्प बसायचं.

मँगनीज म्हटलं की मला आधी आमचा भंडारा जिल्हा आठवतो, तुमसर तालुक्यातली डोंगरी बुजुर्गची खाण. पण हा रेणू पोलंडचा. व्रॉत्सवाफ शहरातल्या तादेऊश लीस यांनी १९८० साली तो बनवला आणि त्याची स्फटिकरचना छापली. तो लोहचुंबकासारखा वागतो हे कळायला आणखी तेरा वर्षं गेली. १९९३ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला रोबेर्ता सेसोली, दांते गात्तेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवलं. आज या विषयातले लोक त्याला लाडानं 'एमएन-ट्वेल्व्ह' म्हणतात.

(पाटीवर आकृती. मध्ये चार ठिपके, भोवती आठ.)

आतले चार मँगनीज अधिक चार प्रभाराचे. त्यांच्याकडे प्रत्येकी तीन एकटे इलेक्ट्रॉन, म्हणजे जोडीदार नसलेले. बाहेरच्या कड्यातले आठ अधिक तीन प्रभाराचे, त्यांच्याकडे प्रत्येकी चार. चुंबकत्व येतं ते या एकट्यांमुळेच.

आता रस्सीखेच लावा. मधल्या ऑक्सिजनमुळे बाहेरचे सगळे एका दिशेला तोंड करतात, आतले बरोबर उलट्या दिशेला. आठ चोक बत्तीस एकीकडे, चार त्रिक बारा दुसरीकडे. बत्तीस वजा बारा, उरले वीस. हे वीस इलेक्ट्रॉन एकदिलानं एकाच दिशेला. प्रत्येकाचा स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगचं चुंबकपण मोजायचा आकडा, अर्धा; म्हणून रेणूचा एकूण स्पिन दहा. एवढ्याशा रेणूच्या मानानं ही चैनच आहे.

पण नुसता स्पिन असून भागत नाही. फ्रिजवरचं हे चुंबक बघा. यात अब्जावधी अणू एकमेकांना धरून उभे असतात, म्हणून ते वर्षानुवर्षं आपली दिशा विसरत नाही. ती गर्दीची आठवण. गर्दी कमी करत गेलात, कण लहान लहान होत गेला, की खोलीतल्या उष्णतेच्या धक्क्यांनी त्याची दिशा सारखी उलटसुलट होते. मग एकटा रेणू आठवण कशी ठेवणार? शेजारचा रेणू मदतीला नाही, कारण मध्ये ॲसिटेटचा गुबगुबीत वेष्टनाचा थर आहे.

उत्तर आहे हट्ट. बाहेरच्या आठही मँगनीजचे काही बंध एका दिशेत ताणलेले असतात आणि त्या ताणाच्या दिशा जवळजवळ समांतर असतात. म्हणून रेणूचा स्पिन एका अक्षाला धरून बसतो: एक तर वर, नाहीतर खाली. मधलं आडवं राहणं त्याला महाग पडतं.

घाटाच्या दोन्ही पायथ्यांना दोन गावं आहेत असं समजा. एक 'वर' गाव, एक 'खाली' गाव. घाटाला दोन्ही अंगांनी दहा-दहा पायऱ्या आणि माथ्यावर एक, एकूण २१. पुंजभौतिकीत, म्हणजे अणूरेणूंच्या जगाच्या नियमांत, मधली उंची नसते, उभं राहायचं तर पायरीवरच. घाटाची उंची ऊर्जेच्या हिशेबात साधारण ६० ते ७० केल्विन. (केल्विन म्हणजे उणे २७३ अंश सेल्सियसपासून मोजलेलं तापमान; इथे ऊर्जाही त्यातच मोजतात.) या गावातून त्या गावात जायचं तर एवढं चढायला उष्णतेनं बळ दिलं पाहिजे.

आता गंमत ऐका. ४ केल्विनला, म्हणजे द्रव हेलियमच्या थंडीत, रेणू आपली दिशा सेकंदभरही धरत नाही. ३ केल्विनला दोन-तीन मिनिटं धरतो. २ केल्विनला? दीड-दोन महिने! फक्त दोन अंशांचा फरक, आणि सेकंदाचे महिने झाले. चढायचं बळ थंडीबरोबर घातांकी वेगानं आटतं, त्याचा हा परिणाम. १९९३ ची बातमी हीच होती: चुंबकीय क्षेत्र शून्यावर आणलं तरी चुंबकत्व मागे उरतं, आणि ते एकेका रेणूचं असतं.

इथपर्यंत कोणी झोपलं असेल तर उठवा, कारण मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो पुढचा भाग.

साधं चुंबक उलट्या क्षेत्रात घातलं की त्याचं चुंबकत्व गुळगुळीत वळण घेत उलटतं. १९९६ साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात जोनाथन फ्रीडमन, मिरियम साराचिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएन-ट्वेल्व्हचं चुंबकत्व क्षेत्राबरोबर कसं उलटतं याचा आलेख काढला, तर तो निघाला जिन्यासारखा. थोडा सपाट, मग एकदम घसरण, परत सपाट, परत घसरण. साधारण दर ०.४५ टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) एक घसरण. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या मंडळींनाही हाच जिना दिसला.

हा जिना आला कुठून? रेणू घाटमाथा चढतच नव्हते. ते बोगद्यातून जात होते. पुंजभौतिकीत 'टनेलिंग' म्हणतात ते हेच. पण बोगद्याची एक अट आहे: दोन्ही तोंडं एकाच पातळीला हवीत. चुंबकीय क्षेत्र वाढवलं की एक गाव खाली जातं, दुसरं वर येतं आणि पायऱ्यांची पातळी बिघडते. बोगदा बंद. आणखी वाढवा, पुढची पायरी समोरासमोर येते, बोगदा पुन्हा उघडतो आणि रेणू भराभर पलीकडे. बरेचसे तर आधी थोडा घाट चढतात आणि वरच्या पायरीवरचा सोपा बोगदा धरतात. खंडाळ्याची गाडी नाही का, थोडी चढते, मग बोगद्यात शिरते.

वीस इलेक्ट्रॉनांची एक मोट एकदम भिंतीपलीकडे जाते, आणि ते आपल्याला साध्या आलेखावर दिसतं. पुंजभौतिकी इतकी उघड्यावर क्वचितच येते.

पण जे रेणूला आरपार नेतं तेच त्याला विसरायलाही लावतं. बोगदे असतील तर घाट कितीही उंच करा, माहिती साठवायला तो कुचकामी. आणि घाट उंच करण्याच्या नादात, माझ्या मते, सगळे बरीच वर्षं भलतीकडे गेले. उंचीच्या सूत्रात स्पिनचा वर्ग येतो ना! मग वाढवा स्पिन. २००४ मध्ये फ्लोरिडात ८४ मँगनीजचं कडं तयार झालं, व्यास सुमारे चार नॅनोमीटर. दिसायला देखणं, पण आतल्या आत इतकी रस्सीखेच की एकूण स्पिन उरला सहा. २००६ मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला १९ मँगनीजचा समूह जुळला, त्यात तब्बल ८३ इलेक्ट्रॉन एका दिशेला! स्पिनचा तेव्हाचा विक्रम. पण त्यातल्या ताणाच्या दिशा चहूकडे फाकलेल्या, त्यामुळे एकमेकींना खोडून जातात. अक्षच नाही तर हट्ट कुठून येणार? अणू आपले आपण जुळतात हे छान आहे हो, पण जुळताना ते आपली सोय बघतात, आपली नाही.

वाट वळली ती जपानमध्ये. २००३ साली नाओतो इशिकावा यांच्या गटानं दाखवलं की समूह कशाला, टर्बियम या धातूचा एक अणू दोन चकत्यांच्या मध्ये धरला तरी पुरे. त्या चकत्या थॅलोसायनिनच्या, निळ्या रंगद्रव्यात असतो तोच घटक. मग लोक डिस्प्रोसियमकडे, म्हणजे टर्बियमच्याच शेजारच्या धातूकडे, वळले. २०१८ मध्ये दोन कार्बनी कड्यांच्या मध्ये दाबलेल्या डिस्प्रोसियमनं ८० केल्विनपर्यंत आठवण धरली. हा आकडा महत्त्वाचा, कारण द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगावी कॅन फिरतो ना, त्यात असतो तो नायट्रोजन. हेलियमपुढे अगदीच स्वस्त. २०२५ मध्ये हीच मजल १०० केल्विनवर गेली.

अडचण अशी, की असले डिस्प्रोसियमचे रेणू हवेला घाबरतात. बंद पेटीत, कोरड्या वायूत, हातमोज्यांतून हाताळायचे. याच्या उलट पवईला, आयआयटी मुंबईत, २०१६ साली डिस्प्रोसियमचा एक रेणू बनला. त्याच्याभोवती पाण्याचेच पाच रेणू पट्ट्यासारखे बसलेत आणि तो उघड्या हवेत टिकतो. घाटाची उंची ७३५ केल्विन, एमएन-ट्वेल्व्हच्या दहापटीहून जास्त. पण दिशा धरून राहणं १२ केल्विनच्या आसपासच, कारण पुन्हा तेच, बोगदे.

(ग्लास उचलत, बोटं कॅमेऱ्यासमोर.)

हे बघा, बोलता बोलता बोटं तपकिरी झाली. परमँगनेटचे डाग. हे मँगनीज डायऑक्साइड, म्हणजे माझ्या फ्लास्कमधला तोच चिखल. साबणानं जात नाही, लिंबू चोळावं लागतं. आलोच.