पांढऱ्या गाडीतला सैनिक

(चित्रपट दाखवण्यापूर्वी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मार्च 2002 मध्ये आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' ऑस्करच्या अंतिम पाच परभाषिक चित्रपटांत होता, आणि बाहुली गेली 'नो मॅन्स लँड' या बोस्नियाच्या चित्रपटाकडे. त्यामुळे आपल्याकडे हा चित्रपट 'लगानला हरवणारा' एवढ्याच ओळखीने राहिला. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण संयुक्त राष्ट्रांचे सैनिक दोन जमातींच्या लढाईत सापडतात तेव्हा नेमकं काय होतं, हे इतक्या थोड्या जागेत दाखवणारं दुसरं काम मला सांगता येणार नाही. युगोस्लाव्हिया फुटल्यावर बोस्नियात बोस्नियन आणि सर्ब सैन्यांत पेटलेल्या युद्धाची ही गोष्ट. लेखक-दिग्दर्शक डानिस तानोविच यांनी सर्बांच्या वेढ्यातल्या सारायेवोत, म्हणजे बोस्नियाच्या राजधानीत, बोस्नियन सैन्यासाठी प्रत्यक्ष आघाडीवर चित्रीकरण केलं होतं. संगीतही त्यांचंच आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो. दोन सैन्यांच्या मधल्या खंदकात चिकी हा बोस्नियन आणि नीनो हा सर्ब अडकतात. तिसरा, त्सेरा, मेला असं समजून सर्ब सैनिकांनी त्याच्याखाली सुरुंग पेरलेला आहे. तो जिवंत निघतो. आता तो उठला तर तिघंही जातील.

या सुरुंगाविषयी जरा बोलू. युगोस्लाव्हियात बनणारा 'प्रोम-1' हा उडी मारणारा सुरुंग त्या युद्धात सर्वत्र होता. जमिनीवर त्याची काट्यांसारखी टोकं तेवढी दिसतात. त्यांवर साधारण नऊ किलोंचा दाब पडला किंवा त्यांना बांधलेली तार ओढली गेली, की आतली पहिली छोटी दारू मूळ सुरुंगाला जमिनीपासून गुडघा-मांडीच्या उंचीपर्यंत उडवते आणि मग तो चहूबाजूंना तुकडे फेकत फुटतो. म्हणजे असा सुरुंग दाब *पडल्यावर* उडतो. दाब *निघाल्यावर* उडवायचा तर त्याला वेगळी कळ लावावी लागते. चित्रपटाने दोन्ही गोष्टी एकत्र केल्या आहेत. जाणकार इथे नाक मुरडतात, पण पटकथेची गरज त्यांनी ध्यानात घ्यावी. लेखकाला असा माणूस हवा होता ज्याला कुणालाच हलवता येणार नाही: शत्रूला नाही, मित्राला नाही, मदतीला आलेल्यालाही नाही.

आता शांतिसेना येते, आणि येते ती पांढऱ्या चिलखती गाडीतून. या रंगाकडे लक्ष द्या. युद्धपटाचं सगळं दृश्य-व्याकरण लपण्यावर उभं असतं: माती फासलेले चेहरे, हिरवट कापड, झुडपाआडची बंदूक. शांतिसैनिकाचं काम उलटं. त्याने दिसायलाच हवं. गाडी पांढरी, हेल्मेट निळं, दोन्हींवर मोठी अक्षरं. टेहळणी चौक्यासुद्धा उघड्या जागी, कारण तिथून पाहायचं असतं आणि आपण पाहतोय हे दोन्ही बाजूंना कळू द्यायचं असतं. दोन्ही बाजू ऐकतात तोवर या दिसण्यात ताकद आहे. एक बाजू ऐकेनाशी झाली की तीच चौकी बचावासाठी सगळ्यात वाईट जागा ठरते. पूर्व बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात जुलै 1995 मध्ये शांतिसेनेच्या डच तुकडीच्या चौक्या एकेक करून पडल्या त्या याच कारणाने. त्या लढण्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या.

हे सैनिक तिथे आले कसे, तेही विचित्र आहे. सुरक्षा परिषदेने 21 फेब्रुवारी 1992 ला ठराव 743 करून 'अनप्रोफोर' ही संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उभी केली, ती क्रोएशियासाठी. पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. मुख्यालय ठेवलं सारायेवोत, कारण ते कुणाच्याच बाजूचं नव्हतं आणि तिथे शांतता होती. एप्रिलमध्ये युद्ध मुख्यालयाच्या दारातच पेटलं. मे महिन्यात मुख्यालयाचा बराचसा भाग तिथून हलवावा लागला. बोस्नियासाठीचं काम नंतर ठिगळासारखं जोडत गेले: आधी विमानतळ, मग मदतीच्या ट्रकांना सोबत, मग 'सुरक्षित क्षेत्रं'. एकच सेना, पण प्रत्येक कामाचे नियम वेगळे.

विमानतळाचंच घ्या. जून 1992 च्या कराराने तो शांतिसेनेच्या ताब्यात आला, अट अशी की दोघांपैकी कुणालाही त्याचा लष्करी वापर करू द्यायचा नाही. त्यामुळे रात्री धावपट्टी ओलांडून शहराबाहेर पळणाऱ्या लोकांना शांतिसैनिक अडवून परत पाठवायचे. गाडीवरचा दिवा त्या माणसावर पडायचा आणि तेवढ्या उजेडात सर्ब नेमबाजाला तो दिसायचा. शेवटी 1993 मध्ये शहरवासीयांनी धावपट्टीखालून सुमारे 800 मीटरचं भुयार खणलं. दिवा लावणारा सैनिक दुष्ट नव्हता. तो करार पाळत होता.

आता शब्दांकडे येतो. माझ्या मते शांतिसेनेवरच्या कुठल्याही चित्रपटातलं खरं पात्र म्हणजे तिला दिलेलं लेखी काम. ठराव 819 ने एप्रिल 1993 मध्ये स्रेब्रेनित्सा 'सुरक्षित क्षेत्र' ठरवलं. जूनमध्ये ठराव 836 आला. त्यात सैनिकांना क्षेत्रांचं 'रक्षण करा' असं म्हटलेलं नाही. हल्ल्यांपासून 'परावृत्त करा' असं म्हटलं आहे, आणि बळ वापरण्याच्या परवानगीआधी 'स्वसंरक्षणार्थ' हा शब्द घातला आहे. एका देशाने तो वाचून म्हणावं, गोळीबार करता येतो. दुसऱ्याने म्हणावं, फक्त आपल्या अंगावर आलं तरच. संख्येचंही तसंच. महासचिवांच्या अहवालानुसार धाक बसवायला सुमारे 34,000 जादा सैनिक लागणार होते, सोबत 7,600 चा 'हलका पर्यायही' दिला होता. सदस्य देशांनी हलका पर्याय निवडला, आणि तेवढेही वेळेवर आले नाहीत.

'नो मॅन्स लँड'मधला फ्रेंच सार्जंट मार्शां याच फटीत उभा आहे. त्याला खंदकापर्यंत जायचं आहे. वरून हुकूम येतो, परत फिर. त्याची रेडिओवरची संभाषणं नीट ऐका. कोण कुणाला विचारतं, आणि 'नाही' कोण म्हणतं? ब्रिटिश पत्रकार जेन लिव्हिंगस्टन ते बोलणं चोरून ऐकते, म्हणून सगळं हलतं. वरिष्ठांना त्सेराची पर्वा नसते, बातमीची असते. सुरुंग काढणारा जर्मन तज्ज्ञ येतो, पाहतो, आणि सांगतो की हा निघणार नाही. सगळ्या चित्रपटात सरळ उत्तर देणारा तो एकच.

ही रेडिओची साखळी प्रत्यक्षात किती लांब होती ते पाहा. स्रेब्रेनित्सातल्या डच बटालियनला विमानांची मदत हवी असेल तर मागणी आधी तुझलाच्या विभागीय मुख्यालयाला, तिथून सारायेवोच्या मुख्यालयाला, तिथून क्रोएशियातल्या झाग्रेबला, शांतिसेनेच्या मुख्य मुख्यालयाला जायची. तिथे संयुक्त राष्ट्रांचा 'हो' हवा आणि पलीकडून नाटोचाही. याला 'दुहेरी किल्ली' म्हणत. शिवाय दोन प्रकार वेगळे ठेवले होते. 'क्लोज एअर सपोर्ट' म्हणजे आपल्यावर आत्ता गोळे टाकणारी नेमकी तोफ फोडणं. त्यासाठी जमिनीवरून लक्ष्य दाखवणारा माणूस लागतो. 'एअर स्ट्राइक' म्हणजे शिक्षा म्हणून दूरची ठिकाणं उडवणं. मे 1995 मध्ये बोस्नियातल्या सर्बांचं केंद्र असलेल्या पाले गावाजवळच्या दारूगोळ्याच्या साठ्यांवर असे हल्ले झाले, तेव्हा सर्बांनी शांतिसेनेचे सुमारे 400 जण ओलीस धरले आणि काहींना खांबांना बांधून दूरदर्शनवर दाखवलं. त्यानंतर वरचे अधिकारी किल्ली फिरवायलाच कचरू लागले.

खाली काय स्थिती होती? स्रेब्रेनित्साकडे येणारा प्रत्येक ट्रक सर्ब नाक्यावरून यायचा. 1995 च्या फेब्रुवारीनंतर डिझेल जवळजवळ बंदच झालं, म्हणून गस्त पायी. रजेवर गेलेल्यांना परत येऊ दिलं नाही, म्हणून सहाशेची तुकडी आणखी रोडावली. 11 जुलैच्या दुपारी अखेर दोन डच एफ-16 विमानांनी बॉम्ब टाकले. डच ओलीस मारू आणि तळावर तोफा डागू, अशी धमकी आली. पुढचे हल्ले थांबवले गेले. त्या दिवशी शहर पडलं. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले.

यास्मिला झ्बानिच यांचा 2020 चा 'को वादिस, आयदा?' हेच दिवस दाखवतो. आज वेळ नाही, पण तो जरूर शोधून पाहा, कारण 'नो मॅन्स लँड'ने अर्धवट सोडलेला धागा तो पकडतो. तो धागा म्हणजे भाषा. खंदकातले चिकी आणि नीनो एकच भाषा बोलतात, बान्या लुकातली एकच मुलगी दोघांच्या ओळखीची निघते. मधे उभा असलेला मार्शां मात्र मोडक्या इंग्रजीत धडपडतो. आयदा ही शाळेतली शिक्षिका आता पोतोचारीच्या, म्हणजे स्रेब्रेनित्साजवळच्या डच तळावर दुभाषी आहे. डच अधिकारी जे सांगतो ते तिला आपल्याच लोकांना स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं: बाहेर पडा, काही होणार नाही. तिच्या गळ्यात ओळखपत्र आहे, नवऱ्याच्या आणि मुलांच्या गळ्यात नाही. पुढचं सगळं त्या कार्डावर ठरतं. हसन नुहानोविच या खऱ्या दुभाष्याचे आईवडील आणि भाऊ याच तळावरून बाहेर काढले गेले आणि मारले गेले. त्याने खटला चालवला आणि 2013 मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने डच सरकारला जबाबदार धरलं. त्याआधी, एप्रिल 2002 मध्ये, स्रेब्रेनित्सावरच्या चौकशी अहवालानंतर पंतप्रधान विम कोक यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता. 'नो मॅन्स लँड'ला ऑस्कर मिळून तेव्हा महिनाही उलटला नव्हता.

रुआंडाचे चित्रपटही याच जातीचे, आणि तिथली कागदपत्रं अधिकच जळजळीत आहेत. एप्रिल 1994 मध्ये कत्तल चालू असताना ठराव 912 ने शांतिसेना 270 माणसांवर आणायचं ठरवलं. त्यावर स्वतंत्र बोलावं लागेल.

चित्रपट पाहताना शेवटच्या भागात शांतिसेनेचा वरिष्ठ अधिकारी कर्नल सॉफ्ट याच्याकडे लक्ष ठेवा. पत्रकारांना काय सांगितलं जातं, गाड्या कुठल्या दिशेने निघतात आणि कॅमेरा कुठे थांबतो. त्या वेळी पांढरा रंग पडद्यावर किती आहे आणि किती वेळात नाहीसा होतो, तेही पाहा. स्रेब्रेनित्सा पडल्यावर जंगलात लपलेल्या लोकांना बाहेर काढायला सर्ब सैनिकांनी डचांकडून हिसकावलेली निळी हेल्मेटं घातली होती आणि हाका मारल्या होत्या. लोक त्यांवर विश्वास ठेवून बाहेर आले.

चित्रपट 98 मिनिटांचा आहे. मध्यंतर ठेवलेलं नाही.