मेंदूतला रक्तवाहिन्यांचा गुंता

(दृश्य : परळ. केईएमच्या फाटकातून एमआरआयची पाकिटं काखेत धरून आत शिरणारी माणसं.)

दादरच्या फलाटावर धडधाकट माणसाला फिट येते. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं. खरं तर त्याला नुसतं कुशीवर वळवायचं असतं. माणूस शुद्धीवर आला की ‘उपास होता, ऊन लागलं’ म्हणून विषय मिटवला जातो. तो तसा मिटवू नका. पहिल्या फिटमागे कधी कधी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. डॉक्टर त्याला एव्हीएम म्हणतात.

धमनीतून रक्त जोरात येतं. एरवी ते केशवाहिन्यांत पसरतं, जोर ओसरतो आणि मग शिरांत उतरतं. गुंत्यात ही मधली जाळीच नसते. शिरांच्या पातळ भिंतींवर धमनीचा दाब थेट येतो. अशा गुंत्यातून रक्तस्राव होण्याचा धोका वर्षाला साधारण २ ते ४ टक्के. एकदा फुटलेल्यात अधिक. दोष बहुधा जन्माआधीचा, त्यामुळे आईने स्वतःला बोल लावून घेऊ नये.

(दृश्य : अँजिओग्राफीचा पडदा.)

मेंदूची पहिली अँजिओग्राफी १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी केली. आजही गुंत्याचा पूर्ण नकाशा याच तपासणीत मिळतो. जांघेतून किंवा मनगटातून नळी चढवून क्ष-किरणांत काळं दिसणारं औषध सोडतात. धमनी काळी होते न होते तोच शीरही उमटली, तर गुंता आहे.

त्याच मार्गाने, आणखी बारीक नळीतून, गुंत्यात गोंद भरता येतो. हा गोंद रक्त लागताच घट्ट होतो. म्हणून नळी आधी ग्लुकोजच्या पाण्याने धुतात, नाहीतर तो आतच थिजायचा. गोंद सोडला की नळी झटकन मागे. हात थरथरून चालत नाही.

लहान, वरवरचा गुंता कवटी उघडून काढतात. खोलवरच्या लहान गुंत्याला किरणांचा मारा. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात त्यासाठी गॅमा नाइफ हे यंत्र आहे.

आणि न फुटलेला गुंता? २०१४च्या ‘अरुबा’ चाचणीत गुंत्यावर उपचार केलेल्यांपेक्षा नुसत्या औषधांवर ठेवलेले रुग्ण अधिक सुखरूप राहिले. पाठपुरावा तोकडा होता, असा अनेक सर्जनांचा आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. वीस वर्षांच्या मुलीपुढे सारं आयुष्य असतं. त्यामुळे शल्यविशारद, नळीवाले आणि किरणवाले अशा तिघांचंही मत घ्यावं.

किरणांनंतर गुंता बुजायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर धोका टळलेला नसतो. तपासण्या चुकवू नका, फिटच्या गोळ्या परस्पर थांबवू नका.