आतेच्या चार ओळी

(दुबईतील आपल्या मंडळाच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संपादित करून.)

नमस्कार मंडळी.

मला पाच मिनिटं मिळाली आहेत आणि खजिनदार घड्याळ काढून समोरच बसलेत. तेव्हा आधी कबुली देऊन टाकते. गेल्या वर्षी आपल्या फिलिपिनो मित्रमैत्रिणींनी इथे 'सिंगकिल' हे त्यांच्याकडचं बांबूनृत्य केलं, आठवतंय? पंखे, बांबू, भरपूर टाळ्या. ते मूळ बारा मिनिटांचं होतं. कार्यक्रम लांबला होता, जेवण गार होत होतं, म्हणून मीच जाऊन सांगितलं की सुरुवातीचं गाणं गाळा, थेट बांबूंवर या. बिचाऱ्यांनी ऐकलं.

प्रेक्षकांत आमच्या हॉस्पिटलातली एक फिलिपिनो सिस्टर होती. तिला सगळे 'आते' म्हणतात. पहिले सहा महिने मला वाटायचं, ही कुणाची तरी आत्या असणार! त्यांच्यात आते म्हणजे थोरली बहीण, आपली ताई. ही फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरची, लानाओ तळ्याकाठच्या मारावी शहरातली. तिच्या लोकांना माराणाव म्हणतात, म्हणजे तळ्याकाठचे. नाचणारी मंडळी मनिला-सेबूकडची ख्रिस्ती, पण नाच आतेच्या मुसलमान माराणावांचा. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती म्हणाली, "छान झालं. पण ती राजकन्या कशातून वाट काढत होती, हे तुमच्या लोकांना कळलं का?"

कुठलं कळतंय! मलाच माहीत नव्हतं.

तर गोष्ट अशी. राजकन्या रानात असताना 'दिवाता' भूकंप घडवून आणतात. दिवाता म्हणजे आपला 'देवता' हाच शब्द, संस्कृतातून तिकडे पोचलेला. झाडं कोसळतायत आणि ही त्यांच्यामधून पावलं टाकत चालली आहे. एकमेकांना छेद देत आपटणारे ते बांबू म्हणजे ती झाडं. फिलिपिनो लोक ही गोष्ट 'दारांगेन' या माराणाव महाकाव्यातली म्हणून सांगतात.

या दारांगेनचा आवाका ऐका. १७ भाग आणि ७२,००० ओळी. वाल्मीकींचं रामायण सुमारे २४,००० श्लोकांचं, म्हणजे श्लोकाच्या दोन ओळी धरल्या तरी हे त्याच्या दीडपट. तिकडे इस्लाम पोचण्याच्या आधीपासूनचं. लग्नघरी रात्रीमागून रात्री गायचे, बायकाही गायच्या आणि पुरुषही. गाणाऱ्याला घराण्यांच्या वंशावळी आणि रीतीभातींचे नियम ठाऊक हवेत, गळा हवा, शिवाय पाहुणे पेंगायला लागले की जागच्या जागी ओळ जुळवता यायला हवी. गोंधळ्यांच्या घरात वाढलेलं कुणी इथे असेल तर त्यांना हे वेगळं सांगायला नको. २००५ मध्ये युनेस्कोने दारांगेनला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून जाहीर केलं. पण भाषा इतकी जुनी की गाणारे, म्हातारीकोतारी आणि अभ्यासक सोडले तर खुद्द माराणावांनाही ती पुरती लागत नाही. ज्ञानेश्वरी उघडली की आपण लगेच खालच्या टिपा शोधतो, त्यातलीच गत.

रामायणाचा विषय निघालाच आहे तर सांगते, माराणावांकडे 'महाराडिया लावाना' नावाची कथाही आहे. लावाना म्हणजे कोण, ते ओळखा.

रंगमंचावरचं सिंगकिल जगभर पोचवलं ते १९५७ साली स्थापन झालेल्या 'बायानिहान' या मनिलाच्या नृत्यसंस्थेने. देखणं केलं, यात वाद नाही. आतेचं म्हणणं वेगळं. मुळात हा बायकांचा नाच, घरंदाज मुलीने आपली चाल आणि आब दाखवण्याचा. ढाल-तलवारवाला राजपुत्र त्यात नंतर घुसवला. त्यावर तिची जी तक्रार आहे ती ऐकताना मला आपल्याकडच्या टीव्हीवरच्या लावण्या आठवल्या, एवढंच बोलते.

मग म्हटलं, करून तर पाहू. तालमीला गेले. दोन बांबू असे, दोन तसे, मध्ये एक चौकोन. टोकांना चौघं उकिडवी बसलेली. बाजूला कुलिंतांग, म्हणजे लाकडी चौकटीत ओळीने मांडलेल्या आठ लहान घंटा, आपण पूजेला थाळी वाजवतो तसा नाद पण सुरात, आणि मागे टांगलेला एक मोठा आगुंग घुमतोय. बांबू मिटायच्या आत पाय वर. हे जमेल हो. पण खाली बघायचं नाही! मान ताठ, नजर समोर, चेहऱ्यावर काही नाही, आणि दोन्ही हातांत पंखे फिरत राहायला हवेत. मी तिसऱ्याच ठेक्याला खाली बघितलं. घोटा चार दिवस सुजला होता. आते म्हणाली, "राजकन्या झाडांकडे बघत नाही. झाडांनी बघायचं."

तर आज असं करणार आहोत. आधी आते येईल. ती म्हणते, मी गाणारी नाही, आजी लग्नात गायची तेव्हा कानावर पडलेल्या चार ओळी तेवढ्या येतात. त्या चार ओळी म्हणेल. नाच नाही, पंखा नाही, पडद्यावर भाषांतरही नाही. अर्थ मी नंतर सांगेन, तिने मला जेवढा सांगितला तेवढा. मग घंटा, मग बांबू. पूर्ण बारा मिनिटं. पुरणपोळ्या झाकून ठेवल्या आहेत, गार झाल्या तर बोल मला लावा.

आणि पहिल्या रांगेतल्या आईबाबांनी मुलांना जरा मागे ओढून घ्या. बांबू लांब आहेत, आणि त्या टोकाला बसलेला मुलगा आज पहिल्यांदाच धरतोय.