खून दुसऱ्या मजल्यावर, पाककृती शेवटच्या पानावर

(पडद्यावर : गिरगावातली तीन मजली चाळ. सकाळची वेळ. लाकडी कठडा, उघडी दारं, नळावर बादल्यांची रांग.)

पहिल्या पन्नास पानांतच एक माणूस मरतो. रक्त दिसत नाही, किंकाळीही ऐकू येत नाही. मेलेल्या माणसावर गावातल्या निदान पाच जणांचा राग असतो. पोलीस येतात आणि भलत्याच माणसाला धरतात. मग बेकरी चालवणारी किंवा वाचनालय सांभाळणारी एखादी बाई चौकशीला लागते. शेवटी खुनी सापडतो. पान उलटलं की पुढे छापलेलं असतं : मैदा किती, लोणी किती, ओव्हन किती तापवायचा.

ही कोझी मिस्टरी, म्हणजे सौम्य, घरगुती रहस्यकथा. शिवीगाळ नाही, बीभत्स वर्णन नाही, आणि गुन्हेगार शेवटी पकडला जाणार याची खात्री. लोकलच्या तासाभराच्या प्रवासात दोन प्रकरणं सहज होतात.

खेडेगाव, म्हातारी आणि खून अशी सांगड घातली अगाथा ख्रिस्ती यांनी. त्यांची मिस मार्पल 1930 साली कादंबरीत आली, ती सेंट मेरी मीड या काल्पनिक गावात. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती इस्पितळाच्या औषधालयात काम करत होत्या, त्यामुळे विषाच्या बाबतीत त्यांचा हात पक्का होता. पाककृती या प्रकारात रुळल्या त्या बऱ्याच नंतर. 1982 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया रिच यांनी स्वयंपाकाच्या वर्गाभोवती रहस्य रचलं. 2000 मध्ये जोआन फ्लूक यांनी मिनेसोटातल्या लेक ईडन या काल्पनिक गावात कुकीजचं दुकान उघडलं, आणि त्या दुकानाच्या आसपास माणसं मरतच राहिली. अमेरिकेत या धाटणीच्या कादंबऱ्यांना 1989 पासून अगाथा पुरस्कार देतात. त्याचं सन्मानचिन्ह म्हणजे चहाची किटली.

मराठी वाचकाला रहस्यकथा नवी नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक लिहिल्या, आणि झुंजार नि काळापहाड या त्यांच्या नायकांसाठी वाचनालयांत नंबर लागत. पण त्यात धाडस आहे, पाठलाग आहे, वेषांतर आहे. कोझीत नायिकेच्या हातात झारा असतो.

(पडद्यावर : चाळीचा लांब सज्जा. एका दारातून दुसऱ्या दारात जाणारी वाटी.)

या कादंबऱ्यांना छोटं गाव लागतं ते निसर्गशोभेसाठी नव्हे. तिथं प्रत्येकाचा दिनक्रम सगळ्यांना पाठ असतो, आणि म्हणून दिनक्रम मोडला की तो लगेच डोळ्यांत भरतो. पोस्टमास्तरांनी आज पोस्ट दहा मिनिटं उशिरा का उघडलं? पाद्रीबाबांनी दुसऱ्या वाटेनं का जावं? ठसे नकोत, कॅमेरे नकोत. शेजाऱ्याच्या सवयी माहीत असल्या की तपासाचं निम्मं काम झालं.

मुंबईत असं गाव शोधायचं तर टॉवरमध्ये ते सापडत नाही. तिथं दार बंद, पाहुण्याची नोंद गेटवर, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं आडनावसुद्धा ठाऊक नसतं. चाळ मात्र बांधल्यापासूनच कोझी आहे. खोलीत जायचं तर सज्ज्यावरून जावं लागतं, म्हणजे निदान चार दारांसमोरून. जिना एक, फार तर दोन. पाण्याची वेळ ठरलेली, त्यामुळे पहाटे नळावर कोण होतं आणि कोण नव्हतं हे अख्ख्या मजल्याला माहीत. गिरगावातल्या वाड्या, लालबाग-परळच्या चाळी, वेसाव्याचा कोळीवाडा, कुठेही हे जमून येतं.

खुनाला कारण हवं, तेही घरगुती. इंग्रजी पुस्तकात मृत्युपत्र असतं, इथं पुनर्विकास आहे. निम्म्याहून अधिक भाडेकरूंच्या संमतीवर मोठा व्यवहार अडकलेला असतो, पागडीची (खोली घेताना मालकाला दिलेल्या रकमेची) जुनी पावती कुणाच्या तरी ट्रंकेत असते, भाऊ-भाऊ एका खोलीसाठी कोर्टात असतात. चाळ समितीचा चिटणीस मेला तर संशय घ्यायला माणसं शोधावी लागत नाहीत. उलट ती कमी करावी लागतात. पाच ते सात संशयितांवर वाचक नीट लक्ष ठेवतो. दहावा माणूस आला की तो मागची पानं चाळायला लागतो आणि पुस्तक हातातून सुटतं. म्हणून एका मजल्यावर वीस खोल्या असल्या तरी कथेत सहाच उघडायच्या.

(पडद्यावर : स्टीलचे डबे, फडक्यात गुंडाळलेल्या पोळ्या, रेघांची वही.)

शोध घेणारी कोण? तिला प्रत्येक दारात शिरायला सबळ कारण हवं. पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या काकूंइतकं चांगलं कारण दुसरं नाही. त्यांच्याकडे वही असते, आणि ती वही पोलिसांच्या डायरीपेक्षा बोलकी असते. "काकू, उद्या डबा नको," असं कुणी कधी सांगितलं, एकट्या माणसानं अचानक दोघांचा डबा का घेतला, मधुमेही माणसाच्या घरून शिऱ्याची मागणी का आली, हे सगळं तारीखवार.

संकष्टीचंच पाहा. एक माणूस सांगतो, "मी साडेसातला उपास सोडला आणि झोपलो." काकू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात. मुंबईचा चंद्रोदय तिथं छापलेला असतो, आणि त्या रात्री तो नऊनंतर आहे. वीस वर्षं चंद्र उगवल्याशिवाय पानावर न बसणारा माणूस साडेसातला जेवेल? पावसाळ्यात चंद्र दिसत नसला तरी उपास छापलेल्या वेळेवरच सुटतो. कॅलेंडर पहिल्या प्रकरणातच भिंतीवर दाखवलेलं असावं, दुधाचा हिशेब लिहिताना वगैरे. महत्त्वाची वस्तू तीन साध्या वस्तूंच्या मधोमध ठेवायची. वाचकाची नजर तिच्यावरून जाते, पण थांबत नाही. शेवटच्या प्रकरणात पहिल्यांदाच पुरावा काढला, तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. तो लेखक पुन्हा हातात घेतला जात नाही.

पाककृती पुस्तकात जागा मिळवते ती इथेच. ती शोभेची असली तर वाचक ती गाळतो. साक्ष देणारी असली तर दोनदा वाचतो.

(पडद्यावर : कढई, तुपात भाजला जाणारा रवा. पाकातला चमचा, दोन बोटांमधली तार. जवळून.)

रवा-नारळाचे लाडू घेऊ. तीन वाट्या बारीक रवा, एक वाटी ओलं खोबरं, दोन वाट्या साखर, पाव वाटी तूप, वेलदोड्याची पूड. तुपावर रवा मंद आचेवर भाजायचा. रंग फार बदलू द्यायचा नाही, खमंग वास सुटला की खोबरं घालायचं आणि त्याचा ओलेपणा जाईपर्यंत परतायचं. साखर जेमतेम बुडेल इतकं पाणी घालून एकतारी पाक करायचा. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये थेंब धरून बोटं दूर केली की एक तार निघते, तिथं गॅस बंद. रवा-खोबरं पाकात ढवळून झाकायचं. मग दोन-तीन तास थांबायचं, मधूनमधून हलवायचं. रवा पाक पितो, फुगतो, मिश्रण आळतं, आणि तेव्हाच लाडू वळतात.

पाक पुढे जाऊन दोनतारी झाला तर मिश्रणाचा भुगा होतो. दुधाचा हबका मारून, झाकून, पुन्हा वाट पाहायची. पाक कच्चा राहिला तर वळलेला लाडू ताटात बसतो. मग मिश्रण मंद आचेवर थोडं आटवावं लागतं. ओल्या नारळामुळे मुंबईच्या दमट हवेत हे लाडू बाहेर दोन दिवसांपलीकडे ठेवू नयेत.

आता साक्ष ऐका. "तीनला पाक केला, सव्वातीनला लाडू वळत होते, घरातच होते." पोलीस लिहून घेतात. ज्यानं कधी पाकातले लाडू केले आहेत त्याला मात्र खटकतं. सव्वातीनला त्या पातेल्यात चमच्यानं खायचा शिरा असणार, लाडू नव्हे. पाक तीनला झाला असेल, तर तीन ते साडेपाच ही बाई मोकळी होती. पुस्तकाच्या शेवटी पाककृती छापली की वाचकाला ते घरच्या ओट्यावर तपासून पाहता येतं. गुन्ह्याची उकल घरी करून बघता येते असा साहित्यप्रकार दुसरा क्वचितच असेल.

म्हणूनच प्रमाण चोख लागतं. कमलाबाई ओगल्यांचं रुचिरा 1970 साली आलं आणि वाटी-चमच्याचं माप घराघरांत बसलं, कारण त्या मापानं पदार्थ जमतो. कादंबरीतली पाककृतीही तीन वेगळ्या स्वयंपाकघरांत, तीन वेगळ्या हातांनी करून पाहावी. "अंदाजाने पाणी" असं लिहिलं की पुरावा ढिला पडला. आणि एक पथ्य : विष ज्या पदार्थातून दिलं त्याची कृती छापायची नाही. लाडू खाताना वाचकाच्या मनात शंका राहता कामा नये.

अमेरिकी कादंबरीतल्या कुकीज मुंबईत करणाऱ्यांची फसगत मापातच होते. तिकडचा कप सुमारे 240 मिलीलिटरचा, आपली वाटी बहुतेक घरांत त्याहून बरीच लहान. सगळंच वाटीनं घेतलं तर प्रमाण टिकतं, पण लोण्याची कांडी आणि अंडी मोजून घेतली जातात, तिथं गणित बिघडतं. एक कांडी म्हणजे 113 ग्रॅम. 350 अंश हे फॅरेनहाइट, आपल्या ओटीजीवर (विजेच्या छोट्या ओव्हनवर) 175 ते 180 सेल्सियस. ब्राऊन शुगर नसेल तर एक कप साखरेत मोठा चमचाभर काकवी चोळावी. घरात खारं बटर असेल तर वेगळं मीठ घालू नये. मे महिन्यात पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय थापायला घेऊ नये, नाहीतर बटर वितळून सगळ्या कुकीज मिळून एकच पोळी होते.

(पडद्यावर : पोलीस ठाण्याचा निळा-लाल फलक. सज्ज्यात कुजबुज.)

पोलिसांचं काय, हा रास्त प्रश्न. चाळीत माणूस अचानक गेला की आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) राखून कलिन्याच्या न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत जातो. अहवाल येईपर्यंत प्रकरण रेंगाळतं. हीच काकूंची मुदत. या काळात त्यांनी पंचनाम्यात लुडबुड करू नये, कुणाच्या खोलीचं कुलूप तोडू नये. तसं केलेलं मुंबईच्या वाचकाला पटत नाही. डबा द्यायचा, रिकामा डबा परत घ्यायचा आणि त्यात काय उरलंय ते पाहायचं, एवढ्यावर भागलं पाहिजे.

अडचण येते ती मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकापाशी. एका चाळीत किती खून व्हावेत? लेक ईडनसारख्या गावांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. मुंबईकराकडे मात्र सोय आहे. गणपतीला चाळ कोकणात जाते, मे महिन्यात लग्नासाठी पेणला, नाहीतर कार्तिकीला पंढरपूरला. माणसं तीच, गाव नवं, आणि शेवटच्या पानावर त्या गावचा पदार्थ. गणपतीतल्या पुस्तकात उकडीचे मोदक येणारच. तेव्हा उकडीला पाणी किती आणि ती किती वेळ मळायची, हे आधी पक्कं करावं, खुनी कोण ते नंतर.